आगामरा : शेंड्याकडून वाळत येणारं झाड

(पशुर नदी. पहाट. ओहोटी लागलेली.)

पाणी उतरू लागलं की आधी चिखल दिसतो. मग चिखलातून टोकं वर येतात. एक, दहा, शेकडो. बघता बघता सगळा काठ खिळे ठोकल्यासारखा होऊन जातो. ही मुळं आहेत. दलदलीच्या आत हवा नाही, म्हणून श्वास घ्यायला ती वर आली आहेत. आपण त्यांना श्वसनमुळं म्हणतो, इथली माणसं शुलो म्हणतात.

ज्या झाडाची ही मुळं आहेत ते मागे उभं आहे. सुंदरी.

खोडावरून नजर हळूहळू वर न्या. बुंधा धडधाकट आहे. मधल्या फांद्या पानांनी भरल्या आहेत. आता शेंडा बघा.

(शेंडा. कोरड्या, पांढुरक्या काड्या. चार सेकंद फक्त आवाज.)

जंगलात लाकडाला, छपरासाठी गोलपात्याची पानं आणायला जाणाऱ्यांना इथे बावाली म्हणतात. शेंडा असा दिसला की त्यांच्याकडे त्याला एकच शब्द आहे, आगामरा. आगा म्हणजे शेंडा. आपला बागाइतदार ज्याला शेंडेमर म्हणतो, तेच. आधी सगळ्यात वरची डहाळी निष्पर्ण होते. मग तिच्या खालची. वाळणं असं वरून खाली उतरत येतं, आणि झाड त्यानंतरही कित्येक वर्षं उभं राहतं. वादळात पडलेलं झाड एका रात्रीत दिसतं. हे मरण हळू आहे, म्हणून ते पुष्कळ काळ कुणाच्या मोजणीत आलं नाही.

सुंदरबन सुमारे 10,000 चौरस किलोमीटरचं आहे. जगातलं सर्वांत मोठं सलग कांदळवन. त्याचा साठ टक्के भाग बांगलादेशात आहे, उरलेला पश्चिम बंगालमध्ये. जंगलाचं नावच या झाडावरून पडलं असं बहुतेक जण मानतात. आपली बोट मोंगला बंदरातून निघाली आहे, म्हणजे आपण बांगलादेशात आहोत. सुंदरी पाहायची तर इथेच यावं लागतं. सीमेच्या पश्चिमेला ती आता विरळ आहे. तसं का, हे कळलं की पुढची बरीचशी गोष्ट कळते.

(पानं. वारा. पानांची चंदेरी पाठ उलटताना.)

वारा आला की सुंदरी अशी चमकते. पान वरून गडद हिरवं, खालून चंदेरी. बुंध्याशी फळ्या उभ्या केल्यासारखी आधारमुळं, कारण या मऊ गाळात वीस-पंचवीस मीटर उंची तोलून धरायची आहे. लाकूड तांबूस, टणक, वजनदार. बंगालच्या खालच्या पट्ट्यातल्या कितीतरी होड्या आणि घरांचे खांब याच लाकडाचे.

पण या झाडाचा खरा स्वभाव कळतो तो मिठाच्या बाबतीत. खाडीतल्या प्रत्येक झाडाला मिठाशी काहीतरी तडजोड करावी लागते. कोकणच्या खाडीवर राहणाऱ्यांनी तिवराचं पान कधी चाटून पाहिलं असेल, तर ते खारट लागतं. तिवर मीठ आत घेतो आणि पानांवाटे बाहेर टाकतो. सुंदरीकडे अशा मीठ टाकणाऱ्या ग्रंथी नाहीत. ती मीठ मुळांच्या दारातच अडवते. पाणी आत, मीठ बाहेर. बाहेरचं पाणी निमखारं असतं तोवर हे निभतं. खारेपणा वाढला की तेवढंच पाणी ओढायला अधिक जोर लागतो. त्यात झाड उंच. मुळापासून सगळ्यात लांब कोण? शेंडा. पाण्याची ओढाताण सुरू झाली की तहान आधी तिथे लागते.

मीठ अजिबात नको, असं सुंदरी म्हणत नाही. ती खाडीचंच झाड आहे. तिला हवी आहे भेसळ. वर्षातले काही महिने वरून आलेलं गोडं पाणी तिच्या मुळांवरून फिरायला हवं.

(दोन काठ. पूर्वेला बलेश्वरच्या बाजूचं उंच जंगल. मग पश्चिमेकडचं, खुजं.)

ही दोन्ही दृश्यं एकाच जंगलातली आहेत. पहिलं पूर्वेचं. तिथे बलेश्वर नदी गोडं पाणी आणते. मान वर केल्याशिवाय शेंडा दिसत नाही. दुसरं पश्चिमेचं. तिथे गरान आणि गेवा ही खारं पाणी सोसणारी झाडं, माणसाच्या डोक्याच्या जरा वर. माती गाळाचीच, भरती दिवसातून दोनदाच. फरक पाण्याच्या चवीत आहे. पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना खारेपणा वाढत जातो आणि सुंदरी कमी होत जाते. नकाशा नसला तरी झाडांच्या उंचीवरून दिशा ओळखावी, इतकं हे सरळ आहे.

मग शेंडा वाळण्याचं कारण मीठच, असं म्हणून मोकळं व्हायचं का? इतक्या लवकर नाही. बाकीच्या शक्यताही याच जंगलात उभ्या आहेत.

(खोड जवळून. गाठी, भेगा, भुसा.)

हा भुसा लाकूड पोखरणाऱ्या किड्यांचा. या गाठी, या जखमा. सुंदरीच्या फांद्यांवर आणि खोडांवर बुरशी सापडली आहे, अळ्या सापडल्या आहेत, आणि काही काळ रोगाचं मूळ तिथेच शोधलं गेलं. पण किडा आणि बुरशी दोन्ही आधीच थकलेल्या झाडाला लवकर गाठतात. त्या झाडाला थकवलं कुणी, हा प्रश्न तसाच राहतो.

मग कुऱ्हाड. इंग्रजांच्या काळात, 1875 पासून, हे जंगल राखीव होऊ लागलं आणि सुंदरीची तोड हिशेबानं होऊ लागली. ठरावीक घेराची झाडं, ठरावीक वर्षांनी. हिशेबात सरळ वाढलेली, जोमदार झाडं आधी जात. वाकडी, पोकळ राहत. 1959 आणि 1983 या दोन मोजण्यांच्या मधल्या काळात सुंदरीचा उभा साठा सुमारे 40 टक्क्यांनी घटला. आकडा मोठा आहे, आणि त्यात कुऱ्हाडीचा वाटा आहेच. बांगलादेशनं 1989 मध्ये तोड थांबवली. चोरून होणारी तोड पूर्ण थांबली नाही हे खरं, पण परवान्याची कुऱ्हाड बंद झाली. आगामरा थांबला नाही.

(चिखल. अर्धी गाडली गेलेली श्वसनमुळं.)

इथे जरा थांबू या. ही मुळं मघाच्या मुळांपेक्षा आखूड दिसतात. आखूड नाहीत, गाडली गेली आहेत. श्वसनमुळांवर बारीक छिद्रं असतात आणि ओहोटीच्या काही तासांत हवा त्यांतून आत जाते. वर गाळ साचला की छिद्रं बुजतात आणि खालचं मूळ गुदमरतं. गाळ तर इथे हजारो वर्षं येतो आहे, त्यातूनच हा प्रदेश घडला. मग आताच तो मुळांवर का बसतो?

1960 च्या दशकात जंगलाच्या उत्तरेला, शेतीची जमीन खाऱ्या पाण्यापासून वाचवायला, मैलोन्‌मैल मातीचे बांध घातले गेले. हेतू चांगला होता, भाताला त्याचा फायदाही झाला. पण पूर्वी भरतीचा गाळ त्या सखल जमिनीवर पसरायचा. बांध आले आणि तो नद्यांच्या पात्रांतच बसू लागला. पात्रं उथळ झाली, फाटे बुजले, प्रवाहाची ताकद गेली. ज्या पाण्याला ताकद नाही ते गाळ वाहून नेत नाही, जिथे थबकलं तिथे टाकतं. पुढे 1980 च्या दशकापासून त्याच बांधांच्या आत कोळंबीसाठी खारं पाणी मुद्दाम घेतलं जाऊ लागलं.

म्हणजे गाळाचा धागा धरला तरी आपण पाण्यापाशीच येतो. तेव्हा बोट वळवून वर जाऊ या.

(नकाशा. गंगा, पद्मा, भागीरथी. मग गोराई.)

गंगा बंगालात शिरते तिथे तिला दोन वाटा आहेत. एक दक्षिणेला, भागीरथी-हुगळी, कोलकात्याकडे. दुसरी पूर्वेला, पद्मा. एके काळी मोठं पाणी पश्चिमेच्या वाटेनं जायचं. सोळाव्या-सतराव्या शतकांच्या सुमारास ते पूर्वेला, पद्मेकडे सरकत गेलं. हे कुणी केलेलं नाही. त्रिभुज प्रदेशातल्या नद्या स्वतःच्या गाळावरून घसरत अशा कूस बदलतात, आणि इथली जमीनही पूर्वेकडे कलते आहे. पश्चिम सुंदरबनाच्या डोक्यावरच्या नद्या तेव्हापासून एकेक करून वरच्या पाण्यापासून तुटत गेल्या. त्यांतली मातला नदी तर आज समुद्राचंच पाणी आत-बाहेर करते. भारताच्या बाजूला सुंदरी विरळ का, याचं मुख्य उत्तर इथे आहे. जे आज मधल्या पट्ट्यात घडतं आहे ते पश्चिमेला आधीच घडून गेलं आहे.

मधल्या आणि पूर्वेच्या जंगलाला जगवलं ते पद्मेच्या एका फाट्यानं. गोराई. कुष्टियाजवळ ती पद्मेपासून सुटते आणि खाली मधुमती, बलेश्वर, नबगंगा, रूपसा, पशुर अशा नावांनी जंगलात पोचते. सकाळी आपण ज्या पाण्यावर होतो, त्यातलं गोडं पाणी मुख्यतः इथून येतं.

(उन्हाळा. हार्डिंज पूल. पुलाखाली वाळू, वाळूत चालणारी माणसं.)

हा 1915 चा हार्डिंज पूल. खाली पद्मा असायला हवी. ती आहे, पलीकडे, चार-दोन कमानींखाली. उरलेल्या कमानींखाली वाळू. गोराईचं तोंड इथून फार दूर नाही.

(गोराईचं तोंड. वाळूचा उंबरठा. ड्रेजर.)

मोठ्या नदीची पातळी खाली गेली की फाट्याच्या तोंडाशी असा उंबरठा तयार होतो. पाणी त्याच्या अलीकडे राहतं.

फराक्का धरण 1975 मध्ये सुरू झालं. सीमेपासून अठराएक किलोमीटर अलीकडे, भारतात. 109 दरवाजे. हुगळीत गाळ साचून कोलकाता बंदर मरत होतं. गंगेतलं 40,000 क्युसेक, म्हणजे सेकंदाला 40,000 घनफूट, पाणी कालव्यानं तिकडे वळवून गाळ धुवून काढायचा, असा तो विचार. पावसाळ्यात या नदीला पाण्याची ददात नसते. प्रश्न जानेवारी ते मे या पाच महिन्यांचा आहे, आणि त्याच महिन्यांत सुंदरीच्या मुळाशी मीठ सगळ्यात वर चढलेलं असतं. 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून उन्हाळ्यात गोराईचं तोंड कोरडं पडू लागलं. समुद्र तर थांबत नाही. वरून येणारा रेटा कमी झाला तेवढी भरती आत आली.

फराक्क्यानं सुंदरी मारली, हे वाक्य सोपं आहे, म्हणून ते लवकर पसरतं. आगामऱ्याच्या पहिल्या नोंदी फराक्क्याच्या आधीच्या आहेत, हे सांगितलंच पाहिजे. एकच कारण निर्विवाद सिद्ध झालेलं नाही, हेही. वादळं आहेत. 2007 चं सिद्र याच जंगलावरून गेलं. समुद्राची पातळी वाढते आहे. पण गाळ, मीठ, दुबळा प्रवाह, दुबळ्या झाडावर चढणारी बुरशी, यातला कुठलाही धागा हातात घ्या, तो नदीच्या वरच्या अंगाला जातो. माझ्या मते हे जंगल तहानेलं आहे. बाकीचे सगळे रोग त्या तहानेवर वाढले आहेत.

(करारावर सह्या, जुनी चित्रफीत. मग पुन्हा वाळू.)

12 डिसेंबर 1996. भारत आणि बांगलादेश यांच्यात गंगेच्या पाण्याचा करार झाला. तीस वर्षांसाठी, म्हणजे 2026 च्या डिसेंबरपर्यंत. 1 जानेवारी ते 31 मे, दहा-दहा दिवसांचा हिशेब. पाणी 70,000 क्युसेक किंवा कमी असेल तर अर्धं अर्धं. वाटणी मोजली जाते ती फराक्क्याला. पुढे ते पाणी कुठल्या पंपाला गेलं, कुठल्या शेतात गेलं, गोराईचा उंबरठा ओलांडला की नाही, हा मोजणीनंतरचा प्रवास आहे. झाडाला जे मिळतं ते या सगळ्यांकडून उरलेलं. नव्या कराराची बोलणी होतील तेव्हा पाण्याचं एक माप जंगलाच्या तोंडाशीही लावायला हवं. हे मागणं मोठं नाही.

1998 पासून तीन वर्षं गोराईचं तोंड उपसलं गेलं. पाणी वाहिलं. नंतर वाळू परत आली, पुन्हा उपसा झाला. हा ड्रेजर त्याच कामावरचा.

(कापलेला ओंडका. वलयं.)

सुंदरीच्या लाकडात वर्षाला एक वलय धरतं. चांगल्या वर्षाचं रुंद, ओढाताणीच्या वर्षाचं अरुंद. म्हणून नदीत पाणी किती आलं, याची एक वही जंगलाकडेही आहे.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत सुंदरी संकटग्रस्त आहे. ती गेली की तिची जागा गेवा आणि गरान घेतात, म्हणजे जंगल हिरवंच दिसतं, फक्त खुजं होतं, आणि वादळापुढची भिंत तेवढी खाली येते.

(पावसाळा. करमजल. पुराचं तपकिरी पाणी.)

पाऊस लागला. आता पशुरचं पाणी तपकिरी आहे, वरून आलेलं. आमच्या नावाड्यानं हात बुडवला, जिभेला लावला आणि न थुंकता गिळला. उन्हाळ्यात याच जागी तो थुंकला होता.

सुंदरीची फळं या दिवसांत पिकून पडतात. कठीण सालीची, होडीसारखा कणा असलेली. ती तरंगतात. भरती त्यांना आत नेते, ओहोटी बाहेर आणते, आणि कुठेतरी, गाळ फार नाही आणि मीठ फार नाही अशा काठावर, एखादं टेकतं.

(एक फळ, प्रवाहात. बोट मागे राहते. फळ पुढे जातं. निवेदन इथे थांबतं.)