वाडा

दिवाळी सरली की धनगर मेंढरं घेऊन देशावरून कोकणाकडे उतरतात. संध्याकाळी कुणाच्या तरी रानात मुक्काम पडतो. खुंट्या ठोकायच्या, भोवती वाघर, म्हणजे जाळी, बांधायची आणि मेंढरं आत कोंडायची. शेताला लेंडीखत मिळतं, धनगराला धान्य नाहीतर पैसे. या मुक्कामाला ते म्हणतात, वाडा.

[दृश्य : शनिवारवाडा, दिल्ली दरवाजा]

आणि हाही वाडाच.

मोल्सवर्थच्या 1857च्या मराठी कोशात 'वाडा' शब्दाचे अर्थ ओळीनं दिलेत. पहिला मान भव्य इमारतीचा. गुरामेंढरांचा वाडा अगदी शेवटी. शब्दाचा प्रवास मात्र नेमका उलटा झालेला दिसतो. संस्कृतातला 'वाट' म्हणजे कुंपण, किंवा कुंपणानं वेढलेली जागा. चालायची वाट ती वेगळी! घटाचा घडा झाला, कटूचं कडू झालं, तसा या 'वाट'चा वाडा झाला. कोंडवाड्यात तो जुना अर्थ अजून शाबूत आहे.

म्हणजे या शब्दात मुळात ना मजले, ना नक्षी, ना श्रीमंती. आहे फक्त आडोसा. पुण्यातला जुना वाडा रस्त्यावरून पाहिला की ते पटतं. बाहेर बरीचशी कोरी भिंत, एक दरवाजा आणि त्याच्या पोटात वाकून शिरायची दिंडी. जे काही देखणं ते सगळं आत: चौक, सोपे म्हणजे ओसऱ्या, सुरूच्या झाडाच्या आकाराचे कोरीव खांब.

शनिवारवाड्याचा पाया पहिल्या बाजीरावानं 10 जानेवारी 1730 रोजी घातला. वार अर्थातच शनिवार. 22 जानेवारी 1732 ला वास्तुशांत झाली, तोही शनिवार. दिल्ली दरवाजाचे हे खिळे पाहा. हत्तीनं धडक मारू नये म्हणून त्याच्या मस्तकाच्या उंचीवर ठोकलेले. 1828 मध्ये मोठी आग लागली आणि आतले लाकडी महाल जळून गेले. उरला तो तट, दरवाजे आणि जोती. शब्दाच्या मूळ अर्थानं पाहिलं तर वाडा शिल्लक आहे, जळालं ते आतलं घर.

पण कुंपण आडोसा देतं तसं माणसांना वेगळंही काढतं. गावोगावी कुंभारवाडा, गवळीवाडा, ब्राह्मणवाडा होते. महारवाडा आणि मांगवाडा तर गावकुसाबाहेर. तिथं वाडा म्हणजे वस्ती, आणि वस्तीचं नाव म्हणजे जात. इंदूरच्या होळकरांचा सातमजली राजवाडा आणि गावाबाहेरचा हा वाडा, शब्द तोच. पत्ता सांगितला की माणसाची जात कळायची. शाळेच्या दाखल्यापासून टपालापर्यंत हा पत्ता सोबत असायचा. डिसेंबर 2020 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. त्यांच्या जागी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर अशी नावं सुचवली गेली. त्यांतल्या एकातही 'वाडा' नाही.