लावणीनंतरचा टिलर

नमस्कार श्रोतेहो.

लावणी उरकत आली असेल तुमची. आमचं शेवटचं खाचर परवा झालं. आता दोन दिवस पाठ टेकावी असं सगळ्यांनाच वाटतं, आणि या घाईत टिलर चिखलाने माखलेला तसाच मांगरात ढकलला जातो. वर ताडपत्री टाकली की झालं. पुढच्या मृगापर्यंत त्याच्याकडे कोणी बघत नाही. आज मी बोलणार आहे तो या ताडपत्रीखालच्या टिलरबद्दल. पाठ टेकण्याआधी एक दिवस त्याला द्या, एवढंच मागणं आहे.

आपली खाचरं लहान, डोंगरउताराला पायऱ्यापायऱ्यांची. मोठा ट्रॅक्टर तिथे वळत नाही, पुष्कळ ठिकाणी तर पोचतच नाही. म्हणून बैलांचं जोत गेलं तिथे हा दोन हातांनी धरून चालवायचा टिलर आला. याची घडण मूळची जपानी. बंगळुरूच्या व्हीएसटीने ती मित्सुबिशीकडून घेतली, केरळच्या कॅमकोने कुबोटाकडून. भातशेतीच्या देशातलं यंत्र, म्हणून आपल्या चिखलात ते रुळलं. चिखलणीने ते लवकर दमत नाही. ते खराब होतं नंतरच्या दहाएक महिन्यांत, उभ्या उभ्या.

माझा टिलर १३ हॉर्सपॉवरचा, एका सिलिंडरचा. घेतला तेव्हाच जुना होता. पहिला पावसाळा संपल्यावर मी रोटरीच्या, म्हणजे मागच्या फिरत्या पात्यांच्या, पेटीचा खालचा बोल्ट सोडला. काळं तेल येईल म्हणून पत्र्याचा डबा धरला होता. आलं ते दूध घातलेल्या चहाच्या रंगाचं. तेलात पाणी शिरून घुसळलं गेलं होतं. पेटी उघडून बेअरिंग बोटाने फिरवलं, तर आत वाळू असल्यासारखी खरखर लागली.

पाणी शिरलं कुठून? रोटरीचा शाफ्ट पेटीतून बाहेर येतो तिथे रबराचं ऑईल सील असतं. त्या जागी पेंढा आणि गवताची मुळं गच्च गुंडाळलेली होती. सगळ्यात आत होता खताच्या पोत्याचा प्लॅस्टिकचा धागा. शाफ्टबरोबर पीळ घेत घेत तो सीलच्या ओठाखाली, म्हणजे शाफ्टला टेकणाऱ्या रबरी कडेखाली, शिरला आणि ओठ कापून बसला. चाकूच्या टोकाने तो सोडवायला मला अर्धा तास लागला. तेव्हापासून आमच्या बांधावर पोतं फाडायचं नाही, शिवण उसवून उघडायचं आणि सुतळी खिशात ठेवायची, असं ठरलेलं आहे.

सील बदलणं अवघड काम नाही. जुन्या सीलवर तीन आकडे कोरलेले असतात, उदाहरणार्थ ३५, ५२, १०. पहिला आतला व्यास, दुसरा बाहेरचा, तिसरा जाडी, सगळे मिलिमीटरमध्ये. ते आकडे कागदावर लिहून दुकानात जा, म्हणजे 'अमक्या मॉडेलचं द्या' म्हणून चुकीचं गळ्यात पडणार नाही. बारीक स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे ठेवायची. ओठाला ग्रीस लावायचं, आणि सील लाकडाच्या ठोकळ्याने चारही बाजूंनी सारखं ठोकत बसवायचं. एक गोष्ट पुष्कळ जण बघत नाहीत. शाफ्टवरून नख फिरवा. जुन्या सीलच्या जागी चर पडलेली नखाला लागली, तर नवं सीलही गळणार. जागा असेल तर नवं सील थोडं अलीकडे किंवा पलीकडे बसवा, म्हणजे ओठ चांगल्या भागावर टेकेल. मला हे एका मेस्त्रींनी दाखवलं. त्याआधी दोन वर्षांत तीन सीलं वाया गेली होती.

पात्यांचं थोडक्यात सांगतो. डावी पाती वेगळी, उजवी वेगळी. काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. क्रम चुकला तर यंत्र एका बाजूला ओढतं आणि मध्ये न फिरलेला पट्टा राहतो. आपल्या जांभ्याच्या जमिनीत पाती लवकर झिजतात. नवं पातं शेजारी धरून बघितलं की किती गेलं ते लगेच कळतं.

आता ठेवणीचं. आधी सगळा चिखल धुवा, पण पाण्याची जोरदार धार सीलवर आणि एअर क्लीनरवर मारू नका. इंजिन गरम असतानाच ऑईल बदला, गाळ तेलाबरोबर निघून येतो. एअर क्लीनरच्या वाटीतलं तेलही बदला. बेल्ट सैल करा. डिझेलची टाकी काठोकाठ भरा. अर्धी रिकामी राहिली तर आतल्या हवेतली ओल पत्र्यावर धरते, आणि तेच पाणी पुढे फिल्टरच्या तळाशी दिसतं. शेवटी इंजिन सुरू करायचं हँडल हळूहळू फिरवत न्या, एका जागी ते जड लागेल. तिथेच सोडा. त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, सिलिंडरमध्ये दमट हवा जात नाही. महिन्यातून एकदा मात्र इंजिन दहा मिनिटं चालवा आणि क्लचचा दांडा चार-पाच वेळा मागेपुढे करा, नाहीतर गंजून क्लच धरून बसतो.

इतकं करूनही मृगाला सुरू झाला नाही, तर आधी डिझेलच्या नळीत अडकलेली हवा काढा. फिल्टरवरचा स्क्रू सैल करा, बुडबुडे थांबून नुसतं डिझेल आलं की आवळा. मग डीकॉम्प्रेशनचा दांडा, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडून हँडल हलकं करणारा दांडा, धरून हँडल मारा आणि कान द्या. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं नोझल चांगलं असेल तर दर फेऱ्याला 'कर्र, कर्र' असा बारीक आवाज येतो. तो आला की दांडा सोडायचा. हँडल धरताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवा, भोवती वळवू नका. इंजिनने उलटा झटका दिला तर मनगट जातं.

आणि हे मी हात जोडून सांगतो. पात्यांत गवत अडकलं की इंजिन बंद करा, पूर्ण बंद, आणि मगच हात घाला. क्लच सोडलाय, पाती थांबलीत, असं म्हणून चालू इंजिनवर वाकू नका. रोटरी फिरत असताना रिव्हर्स टाकू नका. जुन्या टिलरमध्ये ते अडवणारी खीळ झिजलेली असते, आणि यंत्र सरळ आपल्या पायांवर येतं. उतारावरून खाली येताना डाव्या मुठीजवळची, टिलर वळवायची क्लच दाबली तर टिलर उजवीकडे वळू शकतो, हे घरातल्या तरुण पोराच्या हातात टिलर देण्याआधी त्याला स्वतः चालवून दाखवा.

उद्या पावसाने उघडीप दिली, तर रोटरीचा तो खालचा बोल्ट सोडून बघा. तेल कुठल्या रंगाचं येतं ते बघा, आणि दुधाळ आलं तर गणपतीची वाट न बघता सील बदलून घ्या.

नमस्कार.