मधुमेहींचं समाधान मोजताना

(प्राथमिक आरोग्य सेवेतले डॉक्टर, नर्स आणि सर्वेक्षण करणारे कार्यकर्ते यांच्यासमोर दिलेलं व्याख्यान, संपादित स्वरूपात)

नमस्कार. आज समोर डॉक्टर आहेत, नर्स आहेत आणि सर्वेक्षणाचं काम ज्यांच्या गळ्यात पडलंय असेही काही जण आहेत. म्हणून सिद्धांताचा भाग थोडक्यात उरकतो आणि प्रत्यक्ष फॉर्मकडे येतो.

‘इथल्या सेवेबद्दल तुम्ही समाधानी आहात का?’ असं दवाखान्यात विचारलं की बहुतेक जण ‘हो’ म्हणतात. हे ‘हो’ खोटं नसतं, पण त्यात बरंच काही मिसळलेलं असतं. मधुमेह बरा होऊन सुटणारा आजार नाही. ज्यांच्याकडे वर्षानुवर्षं जायचंय त्यांच्याबद्दल वाईट लिहायला माणूस कचरतो. शिवाय सेवा कमी पडली तरी रुग्ण ती मनातल्या मनात माफ करतो. ब्रायन विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली हे नेमकं मांडलं. रुग्ण आधी ठरवतो की हे काम करणं समोरच्याचं कर्तव्य होतं का, आणि मग ठरवतो की न झाल्याचा दोष त्याचा होता का. ‘डॉक्टरांना तरी वेळ कुठे असतो’ एवढं म्हटलं की वाईट अनुभवसुद्धा समाधानाच्या रकान्यात जाऊन बसतो. मधुमेहात याच्या जोडीला आणखी एक अडचण असते. तळपाय दरवर्षी तपासायला हवेत हेच ज्याला कुणी सांगितलेलं नाही, तो ते तपासले नाहीत म्हणून नाराज कसा होईल? कमी अपेक्षेचा रुग्ण हा सगळ्यात समाधानी रुग्ण असतो. म्हणून माझा आग्रह असा आहे की निकाल विचारण्याआधी काय घडलं ते विचारा, आणि डॉक्टर व नर्स यांच्याबद्दल वेगवेगळं विचारा.

आता तयार प्रश्नावल्यांकडे येऊ. इथे सर्वात मोठा घोटाळा होतो, कारण नावात ‘मधुमेह’ आणि ‘समाधान’ हे शब्द दिसले की लोक ती उचलतात. डीटीएसक्यू (डायबेटिस ट्रीटमेंट सॅटिस्फॅक्शन क्वेश्चनेअर) ही क्लेअर ब्रॅडली यांची प्रश्नावली सर्वांत जास्त वापरली जाते. तिच्यात आठ प्रश्न आहेत. सहा प्रश्नांना प्रत्येकी ० ते ६ गुण, म्हणजे एकूण ० ते ३६. उरलेले दोन प्रश्न साखर नको तितकी वाढल्यासारखी किंवा उतरल्यासारखी किती वेळा वाटली याचे आहेत. ते वेगळे मोजायचे असतात; ते बेरजेत धरणं ही नेहमी होणारी चूक आहे. पण मुख्य मुद्दा असा की ही प्रश्नावली उपचाराबद्दल आहे. तो सोयीचा आहे का, लवचीक आहे का, पुढे चालू ठेवाल का, वगैरे. डॉक्टर कसे वागले, नर्सनं काय शिकवलं याबद्दल तिच्यात काहीच नाही. गोळ्यांवरून इन्शुलिनवर गेलेल्या माणसाचा गुणांक बदलला तर त्याचं श्रेय किंवा खापर नर्सच्या माथी मारता येत नाही. आणि ती वापरायला परवाना लागतो, हेही लक्षात असू द्या.

पीएआयडी ही तर समाधानाची प्रश्नावलीच नाही. आजार सांभाळताना येणारा मानसिक ताण ती मोजते. वीस प्रश्न, प्रत्येकी ० ते ४, बेरजेला १.२५ नं गुणायचं म्हणजे ० ते १०० मध्ये आकडा मिळतो. ४० किंवा त्याहून जास्त आला तर ताण गंभीर समजतात. समाधानाच्या सर्वेक्षणात ती जोडावी असं मला वाटतं, कारण ताणाखाली असलेला माणूस सगळ्यांवरच कमी गुण देतो आणि तो दोष डॉक्टरांचा समजला जातो.

आपल्या कामाच्या जास्त जवळची आहे ती पीएसीआयसी, म्हणजे दीर्घकालीन आजारात मिळालेल्या सेवेबद्दल रुग्णाला विचारणारी प्रश्नावली, २००५ साली प्रसिद्ध झालेली. वीस प्रश्न, पाच विभाग, आणि गेल्या सहा महिन्यांत अमुक गोष्ट किती वेळा घडली एवढंच ती विचारते. उपचार ठरवताना तुमचं मत घेतलं का, तुमच्या रोजच्या आयुष्यात बसेल असा बेत करून दिला का, भेटीनंतर संपर्क साधला का. तिची मर्यादा इतकीच की ती सगळ्या चमूला एक धरते. नर्सचं काम चांगलं आणि डॉक्टरांचं जेमतेम, किंवा उलट, हे तिच्यातून दिसत नाही. एकेका भेटीबद्दल विचारायचं असेल तर केअर मेझर ही प्रश्नावली आहे; समोरच्यानं किती आपुलकीनं समजून घेतलं हे ती मोजते. दहा प्रश्न, प्रत्येकी १ ते ५, एकूण १० ते ५०. ‘लागू नाही’ अशी किंवा कोरी उत्तरं दोनपर्यंत चालतात. त्या जागी उरलेल्या उत्तरांची सरासरी धरतात. दोनपेक्षा जास्त असतील तर तो फॉर्म बाजूला ठेवायचा. रिचर्ड बेकर यांची १९९० ची अठरा प्रश्नांची प्रश्नावली डॉक्टरांच्या भेटीसाठी होती, नंतर ती नर्सच्या भेटीसाठीही जुळवून घेतली गेली. एकच साधन दोघांसाठी चालवायचं असेल तर तिकडे बघायला हरकत नाही.

डॉक्टर आणि नर्स यांची तुलना करताना मात्र जपून. प्राथमिक सेवेत डॉक्टरांच्या जागी नर्सनं रुग्ण पाहिले तर काय होतं, याच्या चाचण्यांचा कोक्रेनचा (वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेचा) आढावा २०१८ मध्ये आला. त्यात नर्सकडे जाणाऱ्यांचं समाधान थोडं जास्त दिसतं, आणि नर्सच्या भेटी लांब असतात हेही दिसतं. मग समाधान कशाचं? नर्सचं की वेळेचं? रोजच्या कामात तर हे आणखी गुंततं. नवीन निदान झालेला, घाबरलेला रुग्ण शिकवणीसाठी नर्सकडे जातो. दहा वर्षं स्थिर असलेला माणूस दोन मिनिटांत डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन निघतो. ‘आता इन्शुलिन घ्यावं लागेल’ हे नको असलेलं वाक्य डॉक्टर बोलतात आणि ते कसं घ्यायचं याचा धीर नर्स देते. दोघांच्या सरासऱ्या शेजारी शेजारी ठेवून कोण सरस हे ठरवणं हा अन्याय आहे. प्रत्येकाचा आकडा त्याच्याच आधीच्या आकड्याशी ताडून पाहा.

त्याआधी एक साधी खात्री करा: नर्स कोण हे रुग्णाला माहीत आहे का? साखर तपासणारी तंत्रज्ञ, नोंदणीवरची बाई, आहारतज्ज्ञ, सगळ्यांना ‘सिस्टर’ म्हटलं जातं. पांढरा कोट घातलेला नर्स पुरुष असेल तर तो डॉक्टर ठरतो. म्हणून फॉर्मच्या सुरुवातीलाच लिहा: ‘वजन आणि रक्तदाब घेऊन ज्यांनी तुम्हाला आहार, पाय किंवा इन्शुलिनबद्दल सांगितलं त्या नर्सबद्दल पुढचे प्रश्न आहेत.’ तुमच्याकडे कामाची विभागणी वेगळी असेल तर तसं लिहा. आणि ‘या वेळी नर्सची भेट झाली नाही’ हा पर्याय द्याच, नाहीतर भेट न झालेले लोकही सौजन्य म्हणून चांगले गुण देतात.

प्रश्न लिहिताना काय बिघडतं ते उदाहरणानं सांगतो. ‘डॉक्टर व नर्स यांनी तुम्हाला आजाराची आणि औषधांची माहिती नीट दिली का?’ या एका ओळीत चार प्रश्न आहेत, आणि ‘नीट’ म्हणजे काय ते कुणालाच माहीत नाही. त्याऐवजी असं विचारा: ‘गेल्या १२ महिन्यांत कुणी बूट-मोजे काढायला सांगून तुमचे तळपाय पाहिले का?’ ‘कुणी पाहिले? डॉक्टर, नर्स, दोघं, आठवत नाही.’ इन्शुलिन घेणाऱ्यांना: ‘तुम्ही सुई कशी टोचता हे नर्सनं तुमच्याकडून करवून पाहिलं का?’ ‘टोचण्याच्या जागी गाठ आली आहे का हे हातानं चाचपलं का?’ साखर उतरण्याचा धोका असलेल्या औषधांवर असणाऱ्यांना: ‘साखर ७० च्या खाली गेली तर काय करायचं हे सांगितलं का?’ आणि लगेच खाली: ‘काय करायचं ते तुमच्या शब्दांत लिहा.’ उत्तरात साधारण १५ ग्रॅम साखर किंवा तितकंच लवकर भिनणारं गोड, आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, एवढा आशय आला की पुरे. ‘सांगितलं’वर खूण असेल आणि खाली ‘इन्शुलिन घ्यायचं’ असं लिहिलेलं असेल, तर ती समाधानाची बाब उरत नाही. त्या रुग्णाशी त्याच दिवशी बोलायला हवं. फॉर्म निनावी असेल तर हे शक्य होत नाही, म्हणून हा एक प्रश्न मी वेगळ्या, नाव असलेल्या कागदावर घेण्याच्या बाजूचा आहे.

अशा प्रश्नांचा दुसरा फायदा म्हणजे उत्तरं केसपेपरशी ताडून पाहता येतात. नोंदीत ‘१० ग्रॅम मोनोफिलामेंटनं पाय तपासले’ (पायाची संवेदना पाहायचा बारीक नायलॉनचा धागा) असा शिक्का असेल आणि रुग्ण म्हणत असेल की मोजे काढलेच नाहीत, तर दोघांपैकी एकाचं चुकतंय. एखाद-दुसरा रुग्ण विसरू शकतो. निम्मे लोक विसरत नाहीत.

पर्याय चार किंवा पाच ठेवा आणि प्रत्येकावर शब्द लिहा. सात आकड्यांची पट्टी कमी शिकलेल्यांना गोंधळात पाडते. नकारार्थी वाक्यं टाळा; ‘डॉक्टर माझं ऐकत नाहीत’ याला ‘असहमत’ म्हणताना भलेभले अडखळतात. मात्र सगळी वाक्यं स्तुतीची ठेवली तर लोक वरपासून खालपर्यंत ‘सहमत’ मारत सुटतात. यावर उपाय सहमत-असहमत ही पट्टीच सोडून देण्याचा. ‘नेहमी, बऱ्याचदा, कधीकधी, कधीच नाही’ हे पर्याय जास्त काम देतात. दृष्टिपटलाचा त्रास असलेले लोक तुमच्या यादीत नक्की असणार, म्हणून अक्षर १६ पॉइंटचं, काळ्यावर पांढरं नको. परकी प्रश्नावली घेतली असेल तर दोघांकडून स्वतंत्र भाषांतर, एकमत, तिसऱ्याकडून उलट भाषांतर, आणि मग आठ-दहा रुग्णांसमोर बसून ‘हा प्रश्न वाचून तुमच्या मनात काय आलं’ हे विचारणं. ही शेवटची पायरी वेळ नाही म्हणून गाळली जाते, आणि फॉर्म तिथेच फसतो.

आता विचारायचं कुणाला? प्रतीक्षा कक्षात बसलेल्यांना, हे सोपं उत्तर चुकीचं आहे. वारंवार येणारे तिथे जास्त सापडतात आणि जे नाराज होऊन यायचे थांबले ते कधीच सापडत नाहीत. मधुमेहींच्या नोंदवहीतून नावं काढा, गेल्या वर्षभरात न आलेल्यांसकट. संपूर्ण केंद्राची टक्केवारी ५ टक्क्यांच्या आसपासच्या चुकीनं हवी असेल तर मोठ्या लोकसंख्येसाठी ३८५ उत्तरं लागतात. नोंदवहीत ६०० च नावं असतील तर सुमारे २३५ पुरतात. अर्धेच लोक उत्तर देतील असं धरा आणि दुप्पट फॉर्म पाठवा.

एकेका डॉक्टरचा किंवा नर्सचा आकडा हवा असेल तर हिशेब वेगळा होतो. समजा उत्तरांमधल्या एकूण फरकापैकी फक्त ५ टक्के फरक हा डॉक्टर वेगळे असल्यामुळे आहे, बाकी सगळा रुग्णारुग्णांतला. मग ०.८ इतकी विश्वासार्हता (१ म्हणजे आकड्यावर पूर्ण भरवसा) यायला दर डॉक्टरमागे ७६ उत्तरं लागतात, ०.७ वर भागवलं तर ४५. बारा फॉर्मांच्या सरासरीवरून कुणाला शाबासकी आणि कुणाला मेमो देणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर करून पाहावा.

फॉर्म भरून घेणारी व्यक्ती त्या केंद्रातली नको. वाचून दाखवावं लागलं तर तसं नोंदवा. नातेवाइकानं उत्तरं दिली तर तेही नोंदवा, कारण ते बहुधा नातेवाइकाचं समाधान असतं. फोनवर लोक कागदापेक्षा गोड बोलतात, दवाखान्यात घरच्यापेक्षा गोड लिहितात. त्यामुळे पद्धती मिसळू नका, आणि मिसळल्याच तर वेगळ्या मोजा. त्याच दिवशी एचबीएवनसीचा (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज देणाऱ्या रक्ततपासणीचा) निकाल सांगितला होता का, हा रकाना ठेवाच. आकडा उतरल्याच्या आनंदात आणि चढल्याच्या धक्क्यात दिलेले गुण त्या भेटीबद्दल फारसं सांगत नाहीत.

आकडेमोडीत सरासरीवर विसंबू नका. बहुतेकांनी वरचेच गुण दिले की सरासरी ४.६ वरून ४.५ होते आणि सगळे निश्चिंत राहतात. किती टक्के लोकांनी सर्वांत वरचा पर्याय निवडला आणि किती जणांनी खालचे दोन, हे पाहा. वय, आजाराची वर्षं, इन्शुलिन आहे की नाही, यानुसार फोड करा. वयस्कर रुग्ण सहसा जास्त गुण देतात.

समाधान जास्त म्हणजे साखर ताब्यात, असा ताळा कृपया करू नका. दोन्हींचा संबंध क्षीण असतो, आणि कधी तर उलट दिशेचा. साखर महिनोन् महिने चढी असताना ‘चालू द्या आहे तेच’ म्हणणारे डॉक्टर लोकप्रिय असू शकतात. म्हणून अहवालात समाधानाचे गुण, घडलेल्या गोष्टींची टक्केवारी आणि एचबीएवनसी हे तीन रकाने शेजारी ठेवा, पण बेरीज करून एकच ‘दर्जा गुणांक’ काढू नका. तो काढला की कोणता भाग कच्चा आहे हे दिसेनासं होतं.

निकाल चमूला सांगताना दहापेक्षा कमी उत्तरांवरचा आकडा दाखवू नका. लहान केंद्रात कुणी लिहिलं ते लगेच ओळखू येतं. एकच गोष्ट निवडा, समजा इन्शुलिन टोचणं करवून पाहणं, आणि ती कुणी, कोणत्या खोलीत, कोणत्या वेळी करायची ते ठरवा. सहा महिन्यांनी तोच प्रश्न, त्याच पद्धतीनं, नोंदवहीतून नव्यानं काढलेल्या नावांना विचारा. पहिल्या वेळी गुण आधीच वरच्या टोकाला असतील तर सुधारणा दिसायला जागा उरत नाही. डीटीएसक्यूची बदल मोजणारी आवृत्ती, उणे ३ ते अधिक ३ अशी, याच कारणासाठी करावी लागली. आणि दुसऱ्या फेरीआधी मधल्या काळात यायचे थांबलेल्यांची यादी काढून त्यांना केंद्राबाहेरच्या कुणाकडून तरी फोन करवा. तीन प्रश्न पुरतात: शेवटच्या भेटीत काय झालं, आता औषध कुठून घेता, आणि परत यायला काय बदलायला हवं.