तिळाहून लहान रेझिस्टर

परभणी जिल्हा, जिंतूर तालुका. मे महिन्यातली रात्र आणि घरातला पंखा बंद. मुद्दामच. वारं लागलं की पाटावरचे रेझिस्टर, म्हणजे वीजप्रवाह अडवणारे इवलेसे भाग, उडतात.

या आठवड्यात शेतीला लाईट रात्रीची. अंधारात विहिरीवर जायचं म्हणजे साप-विंचवाचं भय. म्हणून हा तरुण फोनवरून चालणाऱ्या स्टार्टरचा बोर्ड घरीच बनवतोय. दोन्ही बाजूंना तांबं असलेली पाटी त्यानं तांबं खाणाऱ्या फेरिक क्लोराइडमध्ये कोरली. मोरीतला डाग त्याचाच. आईची बोलणी अजून चालू आहेत.

०८०५ मापाचा रेझिस्टर. लांबी २ मिलिमीटर, रुंदी १.२५. आधी एकाच पॅडवर, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या ठिपक्यावर, थेंबभर सोल्डर. ते पुन्हा वितळवायचं आणि चिमट्यानं रेझिस्टर त्यात सरकवायचा. थिजेपर्यंत श्वाससुद्धा जपून. दुसरं टोक मग सावकाश.

नवशिके सोल्डरिंगच्या इस्त्रीला सुईसारखं बिट, म्हणजे टोक, लावतात आणि तिथंच फसतात. ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिशाचं सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळतं खरं, पण ग्राउंडचं, म्हणजे ऋण बाजूचं, रुंद तांबं उष्णता पिऊन टाकतं. बारीक बिट तिथं गार पडतं. हवं छिन्नीसारखं चपटं बिट, आणि फ्लक्स भरपूर. तो तांब्यावरचा ऑक्साइडचा थर काढतो, मग सोल्डर आपसूक पसरतं. रिले म्हणजे विजेनं ओढला जाणारा स्विच. तो चालवणारी यूएलएन २००३ आयसी (चिप) १६ पायांची, दोन पायांत अंतर १.२७ मिलिमीटर. तिचे समोरासमोरचे दोन कोपरे आधी पक्के करायचे. पाय एकमेकांना चिकटले, तर तांब्याची विणलेली पट्टी जास्तीचं सोल्डर शोषून घेते.

खरी मेख मात्र भोकांत आहे. कारखान्यातल्या बोर्डाच्या भोकांना आतून तांब्याचा मुलामा असतो. घरच्या बोर्डाला नाही. वरची रेघ खालच्या रेघेला जोडायची, तर भोकातून तार ओवून दोन्हीकडून सोल्डर करावी लागते. तीही आयसी बसवण्याआधी, नाहीतर बिट पोचत नाही. मागच्या बोर्डात अशी एकच तार वरच्या बाजूनं सोल्डर करायची राहून गेली. रिले ओढेना. पठ्ठ्यानं दोन रात्री आयसी बदलण्यात घालवल्या! आता प्रत्येक तारेला मल्टिमीटर लावतो आणि जोड लागल्याची ‘बीप’ ऐकल्यावरच पुढं सरकतो.

साडेबारा. बोर्डाला १२ व्होल्टचा अडॅप्टर, मग फोनची रिंग. टक्. रिले ओढला.

आईनं ताट वाढलंय, पण आधी साबणानं हात. धूर फ्लक्समधल्या राळेचा. शिसं पोटात जातं ते बोटांवरून.