तराफ्यानं पलीकडे: टॉम सॉयर बेटाची गोष्ट

नमस्कार मंडळी!

आज आपल्याला एका बेटावर जायचंय. बेट लहानसं आहे, माणसानं बनवलेलं आहे, आणि तिथं जायची वाट एकच, लाकडी तराफा. कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइम शहरात डिस्नीलँड आहे. त्यात खोदून काढलेली एक नदी आहे, तिचं नाव 'रिव्हर्स ऑफ अमेरिका'. त्या नदीच्या मधोमध हे बेट: टॉम सॉयर आयलंड. १६ जून १९५६ ला ते मुलांसाठी खुलं झालं.

थीम पार्क म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? लांबच लांब रांग, कमरेला पट्टा आणि रुळांवरून सुसाट पळणारी गाडी. तुम्ही बसायचं, बाकी सगळं यंत्र करणार. या बेटावर मात्र बसायला गाडीच नव्हती. तराफ्यावरून उतरलात की डावीकडे जायचं का उजवीकडे, गुहेत शिरायचं का टेकडी चढायची, हे सांगायला कोणी नसायचं. किती वेळ थांबायचं तेही तुमचं तुम्हीच ठरवायचं. मला या बेटाचं वेड लागलं ते यामुळेच. जवळजवळ सत्तर वर्षांत ही मोकळीक तिथून कशी थोडी थोडी कमी होत गेली, ते आज तुम्हाला सांगतो.

[स्क्रीनवर: नदी आणि बेटाचा नकाशा]

सुरुवात १९५५ पासून करू. १७ जुलै १९५५ ला डिस्नीलँड सुरू झालं तेव्हा नदी होती, नदीत 'मार्क ट्वेन' नावाची चाकाची मोठी बोट होती आणि मध्ये हे बेटही होतं. पण त्यावर पाय ठेवायची सोय नव्हती. बोटीतून जाताना बघायचं, एवढंच. तिथं नेमकं काय करायचं यावर खल चालला होता. पार्कच्या आराखड्यांचं काम बघणारे मार्विन डेव्हिस यांनी बेटाची रेखाटनं करून दिली, पण वॉल्ट डिस्नींना ती काही पटेनात. मग एके दिवशी वॉल्ट ते कागद घरी घेऊन गेले, रात्री स्वतः बसून बेट नव्यानं आखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डेव्हिस यांच्या हातात ठेवलं. ही आठवण डेव्हिस यांनीच सांगून ठेवली आहे. म्हणून हे बेट वॉल्ट डिस्नींनी स्वतःच्या हातानं आखलं असं मानतात.

वॉल्टना एवढी ओढ का होती, हे कळायला त्यांचं बालपण बघावं लागतं. चार वर्षांचे असल्यापासून नऊ वर्षांचे होईपर्यंत ते मिझुरी राज्यातल्या मार्सेलीन नावाच्या छोट्या गावात, शेतावर राहिले. त्याच मिझुरीत, मिसिसिपीच्या काठावर हॅनिबल गाव आहे, मार्क ट्वेन जिथं वाढले ते. ट्वेन यांची टॉम सॉयरची कादंबरी १८७६ सालची. तिच्यात टॉम, हक फिन आणि ज्यो हार्पर ही तीन पोरं घरातून पळतात आणि तराफा घेऊन नदीतल्या एका बेटावर जाऊन राहतात. आईबाप नाहीत, शाळा नाही, मास्तर नाहीत. लहानपणी जे जे करावंसं वाटलं आणि करता आलं नाही ते मी या बेटावर ठेवलंय, अशा अर्थाचं वॉल्ट बोलले होते. मला वाटतं, बेटावरची एकेक गोष्ट बघताना हे डोक्यात ठेवलं पाहिजे.

तर मग समजा, साल १९५७ आहे आणि तुम्ही दहा वर्षांचे आहात. तराफा धक्क्याला लागला. चला, उतरू.

पहिल्यांदा पिंपांचा पूल घेऊ. पाण्यावर तरंगणारी पिंपं आणि त्यांवर टाकलेल्या फळ्या. दिसायला साधा. पण तुम्ही एका फळीवर पाय ठेवला की तिच्याखालचं पिंप दबतं आणि शेजारचं वर येतं. पुढचा पाय कुठं पडेल याचा अंदाज चुकतो. त्यात समोरून चार पोरं धावत आली की विचारूच नका, त्यांचं प्रत्येक पाऊल तुमच्या पायाखाली येऊन पोचतं. यंत्र नाही, मोटर नाही, वीज नाही. पूल हलतो तो फक्त माणसांच्या वजनानं, त्यामुळे दोन वेळा गेलात तर दोन्ही वेळा वेगळा. जवळच एक झुलता पूलही होता आणि त्याचीही तीच तऱ्हा.

मग गुहा. तिचं नाव कादंबरीतल्या खलनायकावरून ठेवलं होतं, 'इंजुन ज्यो'ची गुहा. आत अंधार, वाट अरुंद, छत खाली आलेलं. एका जागी तळ नसलेली खाई होती आणि तिच्यातून वारा घुमल्यासारखा आवाज यायचा. पण या गुहेची खरी खुबी तिच्या मापात आहे. मोठ्या माणसाला वाकून, अंग चोरून जावं लागतं आणि दहा वर्षांचं पोर तिथून ताठ मानेनं पळत सुटतं. पार्कभर आईचा हात धरून चाललेलं मूल इथं पुढे निघून जातं आणि आई मागून हाका मारत येते. मापात केलेला एवढासा बदल, आणि त्यानं कोण कोणाच्या मागे चालणार हेच उलटं होतं.

टेकडीवर दोन दगड होते, आणि मला सगळ्यात जास्त आवडतात ते हेच. एक सीसॉचा आणि एक फिरता. फिरत्या दगडावर मुलं चढून बसायची, पण तो आपोआप फिरत नसे. कोणीतरी खाली उतरून, पाय रोवून ढकलायला हवं. आता पार्कमध्ये आलेली मुलं काय एकमेकांना ओळखत असतात? कोणी टेक्सासचं, कोणी ओहायोचं. तरी कोणीतरी उतरायचं, ढकलायचं, मग 'आता तू' म्हणून पाळी बदलायची. त्या पाळीचा नियम कुठल्या पाटीवर लिहिलेला नव्हता. तो मुलं तिथल्या तिथं करत होती.

आणि मासेमारी! हो, खरी मासेमारी. नदीत मासे सोडले होते, काठावर गळ मिळायचे, आमिषही मिळायचं. मूल गळ टाकून बसायचं आणि खरोखर मासा लागायचा. पुढं काय झालं असेल ते तुमच्या लक्षात आलंच असेल. मासा धरला, पण दिवस तर अजून अर्धा उरलाय. मग तो मासा घेऊन पोरं पार्कभर हिंडायची, कंटाळली की कुठंतरी टाकून द्यायची. ऐन उन्हाळ्यात. ही मासेमारी बंद होणार हे उघडच होतं, आणि झाली. ती बंद केली म्हणून मी कोणाला दोष देणार नाही. पण त्यांनी ती करून बघितली, याचं मला कौतुक वाटतं.

बेटाच्या दुसऱ्या टोकाला ओंडक्यांचा किल्ला होता, फोर्ट वाइल्डरनेस. बुरुजांवर बंदुका लावलेल्या, त्यांचा नुसता आवाज यायचा. आत सेनापतीच्या खोलीत पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले अँड्र्यू जॅक्सन आणि सरहद्दीवरचे प्रसिद्ध शिकारी डेव्ही क्रॉकेट यांचे पुतळे होते. आणि किल्ल्यातून निसटायला एक चोरवाट होती, अरुंद भुयाराची. ती शोधून काढली की तुम्ही किल्ल्याबाहेर. ती वाट सापडल्यावर पोरांना काय वाटत असेल, याची मी कितीतरी वेळा कल्पना केलीय.

जरा थांबून बेटाबाहेरचं एक सांगतो. हा विचार काही एकट्या वॉल्टना सुचला नव्हता. डेन्मार्कमध्ये कार्ल थिओडोर सोरेनसन नावाचे उद्यानरचनाकार होते. आपण आखून दिलेल्या सुबक मैदानांपेक्षा मुलं बांधकामाच्या पडीक जागेत जास्त रमतात, हे त्यांनी हेरलं. १९४३ मध्ये कोपनहेगनजवळ एम्ड्रुपला त्यांच्या कल्पनेतून 'भंगाराचं मैदान' उभं राहिलं. फळ्या, विटा, खिळे, माती; मुलांनी हवं ते बांधायचं. पुढं ब्रिटनमध्ये ही कल्पना 'ॲडव्हेंचर प्लेग्राउंड' या नावानं पसरली. डिस्नीचं बेट तेवढं मोकळं नव्हतं, तिथं काही बांधता येत नव्हतं. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी होती. जागा द्यायची आणि खेळ मुलांवर सोडायचा.

आता पुढची वर्षं.

नदीकाठी एक जळकी झोपडी होती. गॅसवर खऱ्या ज्वाळा, दारात पडलेला माणूस आणि त्याच्या अंगात बाण. म्हणजे मूळ अमेरिकी लोकांनी हल्ला करून घर पेटवलं अशी ती गोष्ट. बोटीतली माणसं ती बघत पुढं जायची. नंतर ही गोष्ट बदलत गेली. कधी आग घरमालकाच्याच चुकीनं लागली असं झालं, पुढे ज्वाळाच विझल्या. गुहेच्या नावातला 'इंजुन' हा शब्दही मूळ अमेरिकी लोकांना हिणवणारा, तोही आज राहिला नाही. या दोन्ही गोष्टी गेल्या ते बरं झालं, असं मी स्पष्ट म्हणेन. एखाद्या समाजाला कायम खलनायक करून मुलांचा खेळ उभा करायची काहीही गरज नव्हती.

६ ऑगस्ट १९७० ला बेटावर वेगळीच पोरं आली, वयानं मोठी. व्हिएतनाम युद्धाला विरोध करणारे 'यिपी' म्हणवणारे तरुण शेकड्यानं डिस्नीलँडमध्ये शिरले, तराफ्यांवरून बेटावर पोचले आणि किल्ल्यावर त्यांनी व्हिएतकाँगचा, म्हणजे त्या युद्धात अमेरिकेविरुद्ध लढणाऱ्या गनिमांचा, झेंडा चढवला. दंगलविरोधी पोलीस बोलवावे लागले आणि त्या दिवशी पार्क वेळेआधी बंद झालं.

आणि १९७३ ची गोष्ट, जी सांगताना आवाज जड होतो. अठरा वर्षांचा एक मुलगा आपल्या दहा वर्षांच्या भावाला घेऊन संध्याकाळी बेटावरच लपून राहिला. बेट बंद झालं, तराफे थांबले. परत जायचं तर पाणी ओलांडायला हवं, आणि धाकट्याला पोहता येत नव्हतं. थोरला त्याला पाठीवर घेऊन पाण्यात उतरला. धाकटा वाचला, थोरला बुडाला. दहा वर्षांनी, १९८३ मध्ये, त्याच नदीत आणखी एका अठरा वर्षांच्या मुलाचा जीव गेला. मोकळ्या जागेबद्दल बोलताना ही दोन मुलं विसरून चालणार नाही. पुढं जी कुंपणं वाढली त्यांच्यामागे अशी कारणंही आहेत.

पण सगळीच कारणं अशी नव्हती. १९९२ मध्ये 'फँटॅझमिक' हा रात्रीचा कार्यक्रम सुरू झाला आणि बेटाचा दक्षिणेकडचा भाग त्याचा रंगमंच झाला. हजारो लोक समोरच्या काठावर बसून बेटाकडे बघणार, आणि त्याच्या तयारीसाठी बेट सूर्यास्ताच्या सुमारास रिकामं करणार. म्हणजे १९५५ मध्ये होतं तसंच, बेट पुन्हा लांबून बघायचं झालं, निदान रात्रीपुरतं. त्या काळोखात गुहेत शिरण्यात काय गंमत आली असती!

ओंडक्यांच्या किल्ल्याचं लाकूड कुजलं. तो लोकांसाठी बंद झाला, मग २००७ मध्ये पाडला. त्याच जागी तशाच दिसणाऱ्या भिंती उभ्या राहिल्या, पण आत जाता येत नाही, ती जागा आता कर्मचाऱ्यांच्या कामाची आहे. फिरता दगड आणि सीसॉही गेले. किल्ला जाण्याचं मला खरं दुःख आहे. लाकूड कुजतं हे मान्य, पण नवीन लाकूड आणलंच होतं की. दार तेवढं उघडं ठेवायचं.

२५ मे २००७ ला बेटाला नवं रूप आलं, 'पायरेट्स लेअर'. समुद्री चाच्यांचे चित्रपट तेव्हा जोरात होते, तिसरा त्याच दिवशी अमेरिकेत लागला. गुहेत भुताटकीचे आवाज आणि प्रकाश आले, खजिना आला. मुलांना हे आवडतं, आणि त्यात वाईट काही नाही. पण 'इंटरॲक्टिव' या शब्दाचा अर्थ इथं कसा सरकला ते बघा. १९५७ च्या दगडाला स्वतःचं काहीच नव्हतं. ढकललं तर फिरेल, नाहीतर नुसता पडून राहील. नव्या गुहेत तुम्ही पोचता आणि भिंत तुम्हाला काहीतरी करून दाखवते. तुम्ही करायचं होतं ते आता तुमच्यासमोर घडतं.

[स्क्रीनवर: नदीचा जुना आणि नवा प्रवाह, शेजारी शेजारी]

जानेवारी २०१६ मध्ये नदीच बंद झाली. मागे 'स्टार वॉर्स'चा नवा विभाग बांधायचा होता, म्हणून नदीचा प्रवाह आखूड केला आणि बेटाचं मागचं टोक छाटलं. २०१७ च्या जुलैमध्ये नदीवरच्या बोटी पुन्हा सुरू झाल्या. एप्रिल २०२३ मध्ये रात्रीच्या कार्यक्रमातल्या अजस्र ड्रॅगननं बेटावरच पेट घेतला, आणि काही काळ बेटही बंद राहिलं.

फ्लोरिडाचं काय झालं? तिथल्या डिस्नी वर्ल्डमध्ये याच नावाचं बेट मे १९७३ मध्ये सुरू झालं होतं. जुलै २०२५ मध्ये ते कायमचं बंद झालं. नदी बुजवून तिथं मोटारींच्या चित्रपटावर आधारलेला विभाग होतोय. टोकियोच्या डिस्नीलँडमध्ये १९८३ पासून असलेलं बेट मात्र आहे.

आणि ॲनाहाइमचं मूळ बेटही आहे. गुहा आहे, पिंपांचा पूल आहे. त्या नदीबद्दल एक गोष्ट अनेकांना माहीत नसते, ती सांगतो आणि थांबतो. 'मार्क ट्वेन' ही एवढी मोठी बोट, वाफेची, चाकाची, पण ती पाण्याखालच्या रुळावर चालते. वळण कुठं घ्यायचं हे तिला ठरवावं लागत नाही. बेटावर नेणाऱ्या तराफ्याखाली रूळ नाही. तो माणूस चालवतो, आणि सुकाणू जरा जास्त वळलं तर तराफा धक्क्याला थडकतो आणि वर उभी असलेली सगळी मुलं एकदम पुढे झुकतात.