डूबी ब्रदर्सचे दोन आवाज

आत्ता आपण लागोपाठ दोन गाणी ऐकली. पहिलं ‘लाँग ट्रेन रनिन’, 1973 सालचं. दुसरं ‘व्हॉट अ फूल बिलीव्ह्ज’, जे 1979 मध्ये अमेरिकेत गाण्यांच्या क्रमवारीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. मधे जेमतेम सहा वर्षं. नावं न सांगता लावली असती, तर ही दोन्ही एकाच बँडची आहेत असं इथे कुणीही म्हटलं नसतं. पण दोन्हींवर नाव एकच आहे, डूबी ब्रदर्स या अमेरिकन रॉक बँडचं.

पहिल्या गाण्यातली गिटार पुन्हा आठवा. ती टॉम जॉन्स्टनची. त्याचा उजवा हात थांबतच नाही. खाली-वर, खाली-वर, सतत. डावा हात तारा मधूनच हलक्या दाबतो, त्यामुळे सूर तुटतो आणि उरतो नुसता खट्-खट् आवाज. म्हणजे गिटार स्वरांबरोबर ठेकाही धरते. त्याखाली एकाच वेळी दोन ड्रमर. 1970 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथे ही मंडळी एकत्र आली. आसपासच्या डोंगरांतल्या दारूच्या अड्ड्यांवर, मोटरसायकलवाल्या टोळ्यांपुढे ती वाजवायची. तिथे लोकांचे पाय हलले नाहीत तर तुमचं काही खरं नाही. मला त्या हाताचं मूळ तिथेच दिसतं.

गंमत म्हणजे ‘लाँग ट्रेन’ला आधी शब्दच नव्हते. कार्यक्रमांतून ते नुसतं वाजवलं जायचं. निर्माता टेड टेम्पलमन जॉन्स्टनच्या मागे लागला, म्हणून त्याला शब्द आले. हा टेम्पलमन पहिल्या अल्बमपासून 1980 पर्यंत त्यांच्याबरोबर होता. या बँडबद्दल बोलताना त्याचं नाव नेहमी मागे राहतं, ते मला खटकतं.

मग 1975 साल. दौरा तोंडावर आणि जॉन्स्टनच्या पोटातल्या अल्सरनं उचल खाल्ली. रुग्णालयात न्यावं लागलं. मुख्य गायक नाही आणि कार्यक्रम तर ठरलेले. बँडचा गिटारवादक जेफ बॅक्स्टर पूर्वी स्टीली डॅन या दुसऱ्या बँडमध्ये होता. तिथल्या दौऱ्यात कीबोर्ड वाजवणारा, मागे उभं राहून गाणारा एक पोरगा त्याला आठवला: सेंट लुईसचा मायकेल मॅकडॉनल्ड. त्याला बोलावलं ते वेळ भागवायला.

पण तो आला तो आपलं वेगळंच संगीत घेऊन. आवाज जाड, घोगरा, चर्चमधल्या कृष्णवर्णीय गायकांच्या वळणाचा. आणि वर चढताना एकदम पातळ होणारा. जॉन्स्टनची गाणी दोन-तीन कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळण्यांवर, तासभर रंगू शकतात. मॅकडॉनल्डच्या गाण्यात कॉर्ड एका जागी बसतच नाही. खालचा बास भलत्याच स्वरावर जातो, कीबोर्ड मात्रेच्या किंचित अलीकडे पडतो, आणि ऐकणाऱ्याला वाटत राहतं की पाय टेकायला जमीन पुढच्या पावलावर आहे. ‘व्हॉट अ फूल’ त्यानं गायक-गीतकार केनी लॉगिन्सबरोबर लिहिलं. 1980 च्या ग्रॅमी सोहळ्यात या गाण्याला वर्षातलं सर्वोत्तम रेकॉर्ड आणि सर्वोत्तम गीत हे दोन्ही सन्मान मिळाले.

जॉन्स्टन 1977 मध्ये बँडमधून बाहेर पडला. जुने चाहते हळहळले, अजूनही हळहळतात. ‘गुळगुळीत झाले’ हा त्यांचा आरोप. मला तो पटत नाही. ऐकायला मऊ आहे म्हणून ते संगीत सोपं ठरत नाही. वाजवून पाहा, बोटं अडखळतात.

तरीही आज मला खरं बोलायचंय ते पॅट्रिक सिमन्सबद्दल. पहिल्यापासून आजपर्यंत एकही काळ न गाळता या बँडमध्ये असलेला हा एकमेव माणूस. पहिल्या क्रमांकावर गेलेलं यांचं पहिलं गाणं त्याचं: ‘ब्लॅक वॉटर’. तेही आधी दुसऱ्याच गाण्याच्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकलेलं. व्हर्जिनियातल्या रोअनोकच्या रेडिओवर ते वाजायला लागलं आणि 1975 च्या मार्चमध्ये देशभर पहिलं आलं. एवढं यश हाताशी असलेला माणूस जॉन्स्टन आजारी पडल्यावर म्हणू शकला असता, आता मीच पुढे. त्यानं नव्या पोराला जागा दिली आणि त्याच्या बाजूला गिटार घेऊन उभा राहिला. 1982 मध्ये त्यानं थांबायचं ठरवलं, तेव्हा बाकीच्यांनी ते नाव पुढे चालवलं नाही.

1987 मध्ये व्हिएतनाम युद्धातल्या सैनिकांच्या मदतीसाठी ते पुन्हा जमले, आणि पुढे जॉन्स्टनसह बँड नव्यानं उभा राहिला. 2020 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे रॉक संगीतातल्या मानाच्या यादीत, जॉन्स्टन, सिमन्स आणि मॅकडॉनल्ड तिघांचीही नावं एकत्र लागली.

आता ‘ब्लॅक वॉटर’चा शेवट लावतो. वाद्यं एकेक करून गळतात आणि नुसते गळे उरतात, एकमेकांत गुंतलेले. डोळे मिटून ऐका.