प्रमोशनच्या पत्रात काय वाचावं

नमस्कार, श्रोतेहो. सॉफ्टवेअर इंजिनिअरला प्रमोशनचं पत्र मिळालं की घरी पेढे येतात. यावेतच. पण त्या पत्रात हुद्द्याच्या आसपास कुठेतरी ग्रेड लिहिलेली असते. काही कंपन्या तिला बँड म्हणतात, काही लेव्हल. ती आधी बघा.

पगाराची चौकट ग्रेडवरून ठरते. प्रत्येक ग्रेडला पगाराची खालची आणि वरची मर्यादा असते. वरच्या मर्यादेला टेकलेल्या माणसाचं काम कितीही चोख असलं, तरी त्याची वार्षिक वाढ आक्रसत जाते. बोनस आणि कंपनीचे शेअरही बहुतेक ठिकाणी ग्रेडप्रमाणेच मिळतात. त्यामुळे नावापुढे 'सीनिअर' लागलं आणि ग्रेड तीच राहिली, तर एचआरला स्पष्ट विचारा.

कंपनी बदलताना तर फारच जपून. गूगलमध्ये एल५, म्हणजे लेव्हल पाच, हा सीनिअर. अ‍ॅमेझॉनमध्ये एल५ला एसडीई-२, म्हणजे सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट इंजिनिअर-२, म्हणतात, तिथे सीनिअर होतो एल६ला.

मग हुद्द्याला काहीच किंमत नाही का? आहे. रिक्रूटर रेझ्युमे चाळताना तोच शब्द शोधतो. मात्र नव्या कंपनीच्या पडताळणीत रिलीव्हिंग लेटरवरचा, म्हणजे जुनी कंपनी सोडताना मिळालेल्या पत्रावरचा, हुद्दा धरतात. स्वतःच वाढवून लिहिलेला तिथे उघडा पडतो आणि हातातली ऑफर जाऊ शकते.

प्रमोशन अडतं ते बरेचदा कागदावर, म्हणजे स्वतःच्या कामाबद्दल तुम्ही जे लिहून देता त्यावर. मोठ्या कंपनीत निर्णय घेणाऱ्या अनेकांनी तुमचं काम पाहिलेलंच नसतं. 'पेमेंट मॉड्यूलवर काम केलं' या ओळीवरून त्यांना काय कळणार? त्याऐवजी असं लिहा : 'नेटवर्क तुटलं की तीच विनंती पुन्हा जायची आणि ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जायचे. प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक दिला. तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हर पैसे न कापता आधीचंच उत्तर देतो. ही पद्धत आणखी दोन टीमनी घेतली.' यातलं शेवटचं वाक्य सर्वांत मोलाचं, कारण वरच्या ग्रेडला स्वतःच्या कोडपलीकडे काय घडवलं ते बघतात.

अशा नोंदी महिन्याच्या महिन्याला करा, मार्चमध्ये काही आठवत नाही. एप्रिल-मार्च वर्ष पाळणाऱ्या कंपनीत मॅनेजरला ऑक्टोबरमध्येच विचारा, 'पुढच्या ग्रेडसाठी माझ्यात काय कमी पडतंय?' उत्तर तोंडी मिळालं, तर त्याच दिवशी ते मेलवर लिहून त्यांना पाठवा. मॅनेजर मध्येच बदलला, तर नव्या मॅनेजरला दाखवायला तो मेल हाताशी असतो.